आमची मुले आपले ऐकतात : तालीम आणि गणेशोत्सव मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एका पालकाचे खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, खजिनदार व सर्व कार्यकर्ते,
तालीम मंडळे व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे,
कोल्हापूर जिल्हा.

विषय : मंडळांतील ईर्षेचा मुलांवर पडणारा भार आणि त्याबाबत पालकांसोबत बैठक घेण्याविषयी.

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेक जण वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत आणि काहींना तर मी चड्डीत गल्लीभर पळताना पाहिले आहे. तरीही या पत्रात मी सर्वांना ‘आपण’ असेच म्हणणार आहे, कारण ज्याच्या एका हाकेवर माझा सतरा वर्षांचा मुलगा भरल्या ताटावरून उठून जातो, त्याला अरे-तुरे करण्याची माझी पत आता उरलेली नाही.

मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे. मुलगा बारावीत आहे, मुलगी नववीत. १९९०च्या दशकात मी स्वतः गल्लीतल्या मंडळाचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलो आहे, मांडवात रात्रीचा पहारा दिला आहे आणि विसर्जनाच्या दिवशी ट्रॅक्टरवर बसायला मिळावे म्हणून सख्ख्या भावाशी भांडलो आहे. तेव्हा हे पत्र उत्सवाला नाके मुरडणाऱ्या माणसाचे आहे असा समज कृपया करून घेऊ नये. २०२५ मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला तेव्हा मलाही बरे वाटले होते. मूर्ती कशाची असावी, विसर्जन नदीत करावे की कुंडात, हे विषय मी येथे काढणार नाही. ते मांडणारे जाणकार लोक आहेत. पंधरा ते एकवीस वर्षांच्या मुलाला आपल्या मंडळात ‘आपला माणूस’ ठरण्यासाठी काय काय करावे लागते आणि ते करताना त्याच्या घरात काय मोडते, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

गेल्या वर्षी श्रावण संपत आला असताना माझ्या पत्नीच्या भिशीचे तीन हजार रुपये कपाटातून नाहीसे झाले. घरात माणसे चार, त्यामुळे शोध लांबला नाही. डॉल्बी आणि टी-शर्टसाठी प्रत्येक पोराने तीन हजार काढायचे असे मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर ठरले होते. ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण आणि ज्यांनी दिले नाहीत त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह, अशी यादी रोज सकाळी त्या ग्रुपवर येत होती, आणि माझ्या मुलाच्या नावापुढचे प्रश्नचिन्ह नऊ दिवस तसेच होते. मी त्याला एक थप्पड दिली, मोबाइल काढून घेतला आणि चोरी या विषयावर अर्धा तास बोललो. तो एवढेच म्हणाला : “पप्पा, पैसे नाही दिले तर मारत नाही ओ कोण, पण मग गल्लीतनं जायचं कसं?”

त्या वेळी मला ते उद्धटपणाचे उत्तर वाटले. रात्रपाळीत त्याच वाक्यावर विचार करत बसलो तेव्हा ध्यानात आले की मुलाने आपली सगळी अडचण सांगून टाकली होती आणि मी ती ऐकलीच नव्हती. त्याला डॉल्बीचे फार वेड आहे असे नाही. घरात तो कानाला हेडफोन लावून जुनी गाणी ऐकतो. त्याला कोणी धमकावलेही नव्हते. घराच्या उंबऱ्यापासून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतचे दीडशे पावलांचे अंतर मान वर करून चालता यावे, एवढ्यासाठी त्याने आईचे कपाट उघडले होते. सतरा वर्षांच्या मुलासाठी ते दीडशे पावलांचे अंतर म्हणजे सगळे जग असते, हे मी तरी विसरायला नको होते. त्या वयात मीही त्याच गल्लीत होतो.

ईर्षा हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. बाहेरचे लोक तो हेव्यादाव्याच्या अर्थाने वापरतात, आपण तो कौतुकाने वापरतो. बैलगाडीची ईर्षा, कुस्तीची ईर्षा, निवडणुकीची ईर्षा. इरेला पेटलेला माणूस आपल्याला आवडतो. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, ते याच ईर्षेला वाट मिळावी म्हणून, असे मला नेहमी वाटते. पुढे त्याच तालमींनी फुटबॉल उचलला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे कोल्हापूरच्या बाहेर कोणी घेतली तर आपल्या अंगावर मूठभर मांस चढते. शाहू स्टेडियमवरही हुल्लडबाजी होते, मैदानाबाहेर मारामाऱ्या होतात, हे मी नाकारत नाही. पण त्या ईर्षेत उतरायचे तर पोराला काहीतरी यावे लागत असे. पहाटे उठून जोर-बैठका काढाव्या लागत, वस्ताद सांगेल ते ऐकावे लागे, धोबीपछाड किंवा डाव्या पायाची किक महिनोन् महिने घोटावी लागे, आणि एवढे करून हरला तरी त्याच्या अंगात शिकलेले काहीतरी उरत असे.

आता दोन मंडळांमध्ये जी ईर्षा चालते तिच्यासाठी पोराला काही यावे लागत नाही. कोणाच्या ट्रॉलीवर किती बेस, कोणाचे लेझर लांबून दिसतात, मुख्य चौकात कोणाची मिरवणूक जास्त वेळ थांबली, कोणाच्या रीलला किती लाख लोकांनी पाहिले, हे सगळे भाड्याने आणलेल्या यंत्रांवर आणि भाडे कोणी भरले त्यावर ठरते. पोरांनी फक्त वर्गणी द्यायची, एकाच रंगाचा टी-शर्ट घालायचा आणि त्या स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहायचे. एका माजी अध्यक्षांनी मला सांगितले की पैसे काढायला लावले नाहीत तर पोरे मंडळाला आपले मानत नाहीत. मला त्यात थोडे तथ्य वाटते. मात्र पूर्वी पोरे मंडळाला आपले मानायची ती मांडवाचे बांबू खांद्यावरून वाहिले म्हणून. ते काम आता मंडप कॉन्ट्रॅक्टर करतो.

भिंतीसमोर उभे राहण्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण आवाज हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. आमच्याकडे नॉकआउट आणि फेटलिंगच्या, म्हणजे साचे फोडून ओतीव भाग काढण्याच्या व घासण्याच्या, विभागात इअरप्लग घातल्याशिवाय कामगाराला आत सोडत नाहीत. कारखान्यांसाठीच्या नियमांनुसार ९० डेसिबल आवाजात माणसाला दिवसाला जास्तीत जास्त आठ तास ठेवता येते; ९५ डेसिबलला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एक, ११० ला अर्धा आणि ११५ ला पाव तास. त्यापुढे माणूस उभा करायचाच नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचा आवाज तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि प्राध्यापक अनेक वर्षे मोजत आले आहेत आणि काही वर्षी त्याची सरासरीच १०० डेसिबलच्या वर गेलेली आहे. ही झाली रस्त्यावरची सरासरी. भिंतीपासून दहा फुटांवर नाचणाऱ्या पोराच्या कानाशी काय पोहोचत असेल याचा अंदाज माझ्या कारखान्यातला शिकाऊ मुलगाही करू शकेल. लोखंड ओतणाऱ्या पगारी कामगाराला जो आवाज कायदा दोन तासांच्या वर ऐकू देत नाही, तो आपण आपल्या पोरांना दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत ऐकवतो, आणि तोही त्यांच्याच पैशाने.

मी मुलाला कारखान्यातले इअरप्लग आणून दिले. त्याने ते घातले नाहीत. एका वर्षी कोणीतरी कानात कापूस घातला होता, त्याचा व्हिडिओ काढून त्याखाली ‘आजोबा’ असे लिहून तो ग्रुपवर फिरवला गेला आणि त्या मुलाला आजतागायत आजोबा म्हणतात, असे तो म्हणाला. मला डॉल्बीच्या आवाजापेक्षा या व्हिडिओची काळजी जास्त वाटते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत आहे, लेझरच्या झोतांवर पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये बंदी घातली. पोलीस ठरवतील तर आवाज आणि उजेड दोन्ही रोखू शकतात. कापूस घालणाऱ्या पोराची चेष्टा पोलीस रोखू शकत नाहीत. ती थांबवण्याची ताकद फक्त आपल्याकडे आहे.

चेष्टेच्या याच भीतीपोटी वर्षभर आणखीही बरेच काही घडते. वाढदिवसाचा केक तलवारीने किंवा कोयत्याने कापायचा, त्याचे स्टेटस ठेवायचे, चौकात फ्लेक्स लावायचा, रॅलीत विना परवाना तिघे-तिघे बसून दुचाकी पळवायची, कोणी कोणाच्या स्टेटसवर हसले म्हणून रात्री खुन्नस काढायला जायचे. त्यातले एखादे पोर तंबाखूचा मावा खाऊ लागते, एखादे बार चढू लागते. याचा उल्लेख करून पुढे जातो, कारण यात नवे काही नाही. नवे आहे ते असे की यातल्या प्रत्येक गोष्टीची आता कायमची नोंद राहते, आणि ती नोंद पोर स्वतःच्या हाताने जगासमोर ठेवते.

आपल्या तालमींत पहाटे पोलीस भरतीसाठी पळणारी पोरे मी पाहतो. १,६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. मैदानी चाचणीच्या पन्नास गुणांतला एकेक गुण ती घाम गाळून मिळवतात. अठरा पूर्ण झालेल्या अशा एखाद्या पोरावर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदला गेला, तर निवड होऊनसुद्धा चारित्र्य पडताळणीत त्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. अठराच्या आतल्या मुलाला कायदा कायमचा डाग लावत नाही हे खरे, पण बाल न्याय मंडळाच्या तारखांमध्ये त्याचे बारावीचे वर्ष जाते आणि आईचे रोजगार बुडतात. विना परवाना गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाबद्दल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदा थेट बापाला धरतो : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दंगल पेटली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले, ते आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी रस्त्यावर आलेल्या पोरांना कोणी तरी हाक मारली होती. हाक मारणारे नंतर कुठे होते याचा शोध घेण्याचे काम माझे नाही. पण हाक मारल्यावर घरी थांबता येत नाही, ही पोरांची अवस्था मात्र माझ्या घरातली आहे.

हीच हाक दुसऱ्या कामासाठीही जाते, हेही लिहिले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी चढले आणि शिरोळ तालुक्यातली गावे वेढली गेली, तेव्हा मंडळांची पोरे टेम्पोत भाकरी, चादरी आणि पाण्याची खोकी भरून निघाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. छातीभर पाण्यातून म्हातारी माणसे आणि जनावरे बाहेर काढणाऱ्या त्या पोरांना कोणी यादीत प्रश्नचिन्ह टाकले नव्हते. माझा मुलगा २०२१ मध्ये लहान होता. भाकरी मोजून पिशव्यांत भरण्याचे काम त्याला मिळाले होते आणि त्या आठ दिवसांच्या गोष्टी तो अजून सांगतो. गेल्या वर्षीच्या मिरवणुकीबद्दल त्याने मला एकही गोष्ट सांगितलेली नाही.

मुलींबद्दल थोडे. माझी मुलगी चौथीत होती तेव्हा आरतीला सर्वांत पुढे उभी राहायची. आता ती नववीत आहे आणि मांडवात जात नाही. मी कारण विचारले, तर म्हणाली, “दादाचे मित्र असतात.” तिला कोणी वाकडे बोलले आहे असे नाही, निदान तिने तसे सांगितलेले नाही. विसर्जनाच्या रात्री आमच्या गल्लीतल्या घरांची दारे आतून लावलेली असतात आणि मुली गच्चीवरून मिरवणूक पाहतात. उत्सव सार्वजनिक आहे आणि गल्लीतली निम्मी माणसे तो गच्चीवरून पाहतात, यात कोणाला काही वावगे वाटत नाही, मलाही कालपरवापर्यंत वाटत नव्हते.

आता आम्हा आई-बापांकडे वळतो, कारण सगळे खापर आपल्या डोक्यावर फोडून मोकळे व्हावे यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. मुलगा दहावीला ८४ टक्के गुणांनी पास झाला तेव्हा चौकात त्याचा फ्लेक्स लावायचे पैसे मीच दिले होते. त्यावर गॉगल घातलेला त्याचा फोटो होता, मागे डरकाळी फोडणारा सिंह होता आणि खाली शुभेच्छुक म्हणून एकवीस नावे होती, त्यांपैकी सहा जणांना मी ओळखतही नव्हतो. बेकायदा फलकांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सविस्तर निकाल दिला आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर ठाऊक असते तरी मी तो लावलाच असता. पाहुणे फोन करून कौतुक करत होते. पंधरा वर्षांच्या मुलाला सिंहाशेजारी उभा करून त्याचा रुबाब चारचौघांत मिरवायचा हे मीच त्याला शिकवले, आणि पुढे तोच धडा त्याने मंडळाच्या टी-शर्टात गिरवला तेव्हा त्याला थप्पड दिली.

शिवाय आम्हाला आपली भीती वाटते. कार्यकर्ते वर्गणीला आले की आम्ही आकडा न बघता पावती घेतो, आवाजाची तक्रार करायची तर नाव न सांगता करतो, आणि पोराला कोणी कशाला बोलावले हे विचारायचे धाडस होत नाही म्हणून सगळा राग पोरावर काढतो. पाळ्यांच्या नोकऱ्या आहेत, शेती आहे, संध्याकाळी पोर घराबाहेर असते आणि ते ‘मंडळात आहे’ म्हटले की आम्ही निवांत होतो. एका अर्थाने आपण आमची मुले फुकट सांभाळता. फुकट मिळालेल्या गोष्टीचा हिशेब कोणी मागत नाही, तसा आम्हीही कधी मागितला नाही.

थपडेनंतरचे वर्ष मी आणि माझ्या पत्नीने थोडे वेगळे वागून पाहिले. त्यातले जे टिकले ते इतर पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मोबाइल दुसऱ्याच दिवशी परत दिला, कारण ग्रुपवर काय चालले आहे हे कळेनासे झाल्यावर त्याची तगमग दुप्पट झाली. भिशीच्या पैशांबाबत त्याच्या आईने ठरवले की ते फेडायचे. तो दर रविवारी मामाच्या दुकानात बसून ते फेडत राहिला आणि दिवाळीच्या आधी फिटले. त्याच्या मित्रांना मी नावाने ओळखत नव्हतो, ‘ती पोरे’ एवढेच म्हणत होतो; मग एका रविवारी पत्नीने त्यांना मिसळ खायला बोलावले आणि त्यांच्यातल्या तिघांना, आमच्या मुलाइतकेच, त्या यादीचे दडपण होते असे समोर आले. प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच आहोत.

सर्वांत उपयोगी पडली ती युक्ती खरे तर मुलाचीच. मित्रांसमोर ‘मला यायचे नाही’ असे त्याला म्हणता येत नाही, म्हटले तर तो भित्रा ठरतो. पण ‘आमचा बाप लई कडक आहे’ असे त्याला म्हणता येते. बापाला घाबरण्यात त्या वयात कमीपणा नाही, उलट सगळे जण आपापल्या बापाच्या गोष्टी सांगू लागतात. म्हणून आमच्यात असे ठरले की त्याने मला नुसती एक रिंग द्यायची. मी पाच मिनिटांनी फोन करून, शेजारच्या दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात, ताबडतोब घरी ये म्हणून ओरडायचे. घरी आल्यावर कशातून निघाला हे मी विचारायचे नाही. सांगायचे असेल तर तो सांगेल. वर्षभरात अशा पाच रिंगा आल्या. पाचपैकी दोन वेळा काय होते ते त्याने नंतर सांगितले. त्यातली एक गोष्ट ऐकून माझे हातपाय गार पडले, ती मी येथे लिहिणार नाही. गल्लीत माझी ख्याती आता जमदग्नी अशी आहे आणि ती मला मान्य आहे.

एवढे करूनही घराच्या हातात फार थोडे आहे, हे मला या वर्षात कळले. मी पाच वेळा ओरडू शकतो, पन्नास वेळा नाही. आपण एकदा म्हणालात की कानात इअरप्लग घालणारा शहाणा, तर पुढच्या वर्षी सगळी पोरे ते घालतील आणि अध्यक्षांनी कोणत्या कंपनीचे घातले आहेत यावरही ईर्षा करतील.

म्हणून काही मागणी करतो. अठरा वर्षांच्या आतल्या पोराकडून डॉल्बीसाठी किंवा टी-शर्टसाठी थेट पैसे घेऊ नयेत. त्याच्या घरची वर्गणी असेल ती पावती फाडून मोठ्या माणसाकडून घ्यावी, आणि नावांच्या याद्या ग्रुपवर टाकणे बंद करावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली वर्गणीसाठी परवानगी काढली की उत्सवानंतर हिशेब द्यावाच लागतो. तोच हिशेब मांडवाबाहेर फळ्यावर लावला तर भाडे कोणी भरले आणि त्याच्या बदल्यात पोरे कोणाच्या रॅलीत गेली, हे आम्हालाही वाचता येईल. मंडळाचे नाव किंवा चिन्ह घालून कोणी तलवारीने केक कापला, तर त्याला बोलावून समज आपणच द्यावी. आमच्या समजेला तो जुमानत नाही. पोरांना नाचण्याखेरीज जबाबदारीचे काम द्यावे, म्हणजे मिरवणुकीची दोरी धरणे, म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडून देणे, वीजजोडणीची देखरेख, हिशेबाची वही. यापैकी कोणत्या मंडळाला काय झेपेल ते प्रत्येकाने ठरवावे, सगळे एकाच वर्षी होईल असे मी धरून चाललेलो नाही. डॉल्बी अजिबात नको, असेही मी म्हणत नाही, कारण माझ्या म्हणण्याने ती जाणार नाही. मर्यादेतला आवाज आणि बाजूला उभे राहण्याची मुभा, एवढे मिळाले तरी यंदा पुष्कळ झाले.

आमच्या बाजूने आम्ही सात घरांनी ठरवले आहे ते असे. मिरवणुकीच्या दिवशी प्रत्येक घरातला एक मोठा माणूस, बाई किंवा पुरुष, शेवटपर्यंत मंडळासोबत चालेल. पोरांवर पहारा ठेवायला नव्हे, पाणी आणि चहा घेऊन. मुलींनाही सोबत घेऊ. निकालाचे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स आम्ही लावणार नाही, कोणी प्रेमाने लावू म्हटले तरी नको म्हणू. वर्गणी गेल्या वर्षीइतकीच देऊ, फक्त पावतीवर आकडा वाचून सही करू. यातले आम्ही काही मोडले तर आपण आम्हाला चारचौघांत विचारावे.

हे पत्र मी आधी मुलाला वाचून दाखवले. चोरीचा प्रसंग ठेवू का, असे विचारले, तर थोडा वेळ गप्प बसून ठेवा म्हणाला. दोन वाक्ये मात्र त्याने काढायला लावली, ती काढली आहेत.

उत्सवाच्या तयारीची पहिली बैठक होईल तेव्हा आम्हा पालकांना अर्धा तास द्यावा, एवढी विनंती आहे. तालमीतच घ्यावी, आम्ही जमिनीवर बसू. गुरुवारी आमच्याकडे बाजार असतो आणि पुढच्या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे. तेवढे सोडून कोणत्याही दिवशी, आरतीच्या वेळेनंतर, चालेल.

आपला,
गल्लीतला एक पालक